८३.६ गुणांचा लॅपटॉप

सोमवारी सकाळी अकरा वाजून चार मिनिटांनी, नांदेडला माझ्या घरी, जेवणाच्या टेबलावर ठेवलेला लॅपटॉप तपासणीत नापास झाला. पडद्यावर लाल चौकट आली. तिच्यात इंग्रजीत दोन ओळी होत्या. या यंत्रातला प्रोसेसर मान्य यादीत नाही, ही पहिली. दुसरं यंत्र जोडायला शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत मुदत आहे, ही दुसरी. टेबलाभोवती आम्ही चौघं होतो: माझी भाची, तिचे आईवडील म्हणजे माझी थोरली बहीण आणि दाजी, आणि मी. दाजी म्हणाले, "पुन्हा लाव." भाचीनं तपासणी पुन्हा लावली. अकरा वाजून नऊ मिनिटांनी तीच चौकट परत आली.

तपासणी पुण्यातल्या एका कंपनीची होती. ही कंपनी इमारतींचे त्रिमितीय आराखडे करून देते. भाचीची तिथे निवड झाली होती. काम घरून करायचं होतं आणि लॅपटॉप स्वतःचा लागणार होता. कंपनीनं पाठवलेला छोटा प्रोग्राम त्या लॅपटॉपवर चालवायचा, त्यानं हिरवा कौल दिला की दोन दिवसांत एक नमुना आराखडा करून पाठवायचा, मग नियुक्तीपत्र. मुदतीत यंत्र पास झालं नाही तर जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला जाणार होती. हे सगळं तिला आलेल्या पत्रात लिहिलेलं होतं.

जागा गेली तर काय, हेही ठरलेलं होतं. दाजींचे लातूरला औसा रोडवर क्लासेस आहेत. ते स्वतः भौतिकशास्त्र शिकवतात. चौकशीच्या काउंटरवर बसायला त्यांना घरचं माणूस हवं होतं. भाचीनं वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा तीनदा दिली आणि तिन्ही वेळा नंबर लागला नाही. मग ती माझ्याकडे राहून नांदेडला सिव्हिल शिकली. दाजींच्या लेखी ही चार वर्षं झालीच नव्हती. एका उन्हाळ्यात तिला त्या काउंटरवर बसवलं होतं. त्याबद्दल ती माझ्याशी एकदाच बोलली. "मावशी, तिथं पालक येतेत, फीचं विचारतेत, आणि मग जाता जाता म्हणतेत, मॅडम, तुमचा किती स्कोअर होता?"

दाजींना सगळे सर म्हणतात. बहीणही सर म्हणते. "सर जेवायलेत," "सर झोपलेत," असं ती फोनवर सांगते. मी दाजी म्हणते, ते त्यांना फारसं रुचत नाही.

लॅपटॉप कोणता घ्यायचा हे आदल्या शनिवारी लातूरला ठरलं. मी आणि भाची सकाळच्या बसनं गेलो होतो. बहिणीनं न्याहारीला मुरमुऱ्यांची सुशीला केली होती. नांदेडच्या वजिराबादमधल्या एका दुकानदारानं दाजींच्या फोनवर तीन लॅपटॉपचे फोटो आणि माहिती पाठवली होती. तिन्ही वापरलेले, दुरुस्त करून विकायला ठेवलेले. किमतीत फार फरक नव्हता. तिन्हींचे प्रोसेसर एकाच कंपनीचे, एकाच घराण्यातले. पहिला बाराव्या पिढीतला 'पाच', दुसरा सातव्या पिढीतला 'सात', तिसरा अकराव्या पिढीतला 'तीन'.

भाचीनं कंपनीचं अटींचं पान छापून आणलं होतं. तिनं ते दाजींसमोर ठेवलं. दाजींनी ते उलटं केलं, कोऱ्या बाजूवर पट्टीनं रेघा मारल्या आणि वर सात विषय लिहिले. कोअर. थ्रेड. मूळ वेग. कमाल वेग. कॅश. वॅट. नॅनोमीटर. डावीकडे तीन उमेदवार. उजवीकडे एकूण.

इथे जे पुढे घडलं त्याची लातूरबाहेर फारशी उदाहरणं सापडणार नाहीत. दाजींनी सातही रकान्यांतले आकडे भरले आणि त्यांची आडवी बेरीज केली.

बाराव्या पिढीचा पाच: दहा कोअर, बारा थ्रेड, मूळ वेग १.३, कमाल वेग ४.४, कॅश बारा, वॅट पंधरा, नॅनोमीटर दहा. एकूण ६४.७. सातव्या पिढीचा सात: चार कोअर, आठ थ्रेड, मूळ वेग २.८, कमाल वेग ३.८, कॅश सहा, वॅट पंचेचाळीस, नॅनोमीटर चौदा. एकूण ८३.६. अकराव्या पिढीचा तीन: दोन कोअर, चार थ्रेड, मूळ वेग ३, कमाल वेग ४.१, कॅश सहा, वॅट अठ्ठावीस, नॅनोमीटर दहा. एकूण ५७.१.

दाजींनी ८३.६ भोवती लाल पेननं गोल केला आणि बाजूला 'प्रथम' लिहिलं. ६४.७ समोर 'द्वितीय'. ५७.१ समोर काही लिहिलं नाही.

ज्या वाचकाचा या आकड्यांशी संबंध येत नाही त्याच्यासाठी थोडक्यात. कोअर म्हणजे प्रोसेसरमधले स्वतंत्र काम करणारे भाग. थ्रेड म्हणजे ते एकाच वेळी किती धागे हाताळतात ती संख्या. वेग गिगाहर्ट्झमध्ये मोजतात. कॅश ही हाताशी ठेवलेली छोटी स्मृती, ती मेगाबाइटमध्ये. इथपर्यंतचे आकडे साधारणपणे मोठे असलेले बरे. वॅट म्हणजे प्रोसेसर किती वीज खातो आणि किती तापतो याचा अंदाज. लॅपटॉपला बॅटरी असते, त्यामुळे हा आकडा लहान असला तर बॅटरी जास्त वेळ पुरते. नॅनोमीटर हा प्रोसेसर कोणत्या प्रक्रियेनं घडवला त्याचा आकडा. तो जितका लहान, तितके जास्त भाग त्याच जागेत बसतात. अलीकडे तो मापापेक्षा नावच जास्त झाला आहे, असं उत्पादकांच्याच कागदांवरून दिसतं. पिढी म्हणजे तो केव्हाचा आहे. पाच आणि सात हे आकडे एकाच पिढीतल्या भावंडांची तुलना करायला असतात. सातवीतला सात आणि बारावीतला पाच यांच्यामध्ये पाच वर्षांची घडण असते. थोडक्यात, दाजींच्या गुणपत्रिकेत दोन विषय असे होते ज्यांत कमी गुण मिळवणारा हुशार. नेमक्या त्याच दोन विषयांत सातव्या पिढीच्या उमेदवारानं एकोणसाठ गुण कमावले होते.

भाचीनं हे तिथेच सांगितलं.

"पप्पा, नॅनोमीटर कमी असावं लागतंय."

"कमी मार्क चांगले म्हणतीस?"

"मार्क न्हाईत ते."

"आकडा हाय का न्हाई? मग मार्कच."

"आणि वॅट पण कमी पाहिजे. बॅटरी खातंय."

दाजी बहिणीकडे वळले. "मिक्सर घ्यायला गेल्यावर तू काय बघतीस? पाचशे वॅटचा का साडेसातशेचा?"

"साडेसातशेचा," बहीण म्हणाली. "चटणी बारीक होती."

"झालं," दाजी म्हणाले.

भाचीनं पान उलटून कंपनीच्या अटींतला तिसरा मुद्दा दाखवला. प्रोसेसर आठव्या पिढीतला किंवा त्यानंतरचा असावा. दाजींनी तो वाचला. वाचला हे मी पाहिलं. ते म्हणाले, "ही किमान अट हाय. किमान अट पासापुरत्या पोरांसाठी असती. आपण टॉपर घेऊन जायलोत. टॉपरला कुणी किमान अट विचारत न्हाई." पिढीचं काय, असं भाचीनं विचारल्यावर म्हणाले, "सातवी म्हणजे सीनियर. संस्थेत सीनियरला आधी घेतेत का ज्युनियरला?"

मग त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. "तुम्ही पेपरमध्ये होतात. तपासा."

मी नांदेडच्या जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर सव्वीस वर्षं काढली. निकालाच्या दिवशी शाळांच्या याद्या, टक्केवारी, बेरजा तपासणं हे माझंच काम असे. निकालाच्या पुरवणीत लातूरच्या क्लासेसच्या जाहिराती असत. पानभर फोटो, प्रत्येक फोटोखाली गुण. एखाद्याचा गुण चुकला तर दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापावी लागे. एकच मुलगा तीन क्लासेसच्या जाहिरातीत झळकला तर काही छापावं लागत नसे. मी दाजींच्या तिन्ही बेरजा दोनदा तपासल्या. बरोबर होत्या. खाली 'तपासले' लिहून मी सही केली.

भाची माझ्याकडे बघत होती. मी कागद परत दिला.

रविवारी दाजी आणि बहीण आमच्याबरोबर नांदेडला आले. दुकानदार पन्नाशीचा, बोलायला मोकळा. दाजींनी सातव्या पिढीच्या सातवर बोट ठेवलं तेव्हा त्यानंच हात आडवा केला.

"सर, हे नका घेऊ. जुनं हाय. तुम्ही सगळ्यांचे फोटो मागितले म्हणून टाकला."

"मग दुकानात ठेवलाय कशाला?"

"टायपिंगला लागतंय कुणाला. बिल, पत्रं, असं. पोरीला बिल्डिंगचं काम करायचंय ना? हे बाराव्या पिढीचं न्या. हाव, ऐका माझं. मला काय, दोन्हींत सारखंच सुटतंय."

दाजी हसले. दुकानाबाहेर येऊन त्यांनी मला समजावलं. लातूरमध्ये हे रोज चालतं. क्लासवाले फोटो टॉपरचा लावतात आणि बसवतात दुसऱ्या बॅचला. हा माणूस टॉपर दुसऱ्या कुणासाठी राखून ठेवतोय. "आम्ही काय हा धंदा नवा करायलोत का?" आत जाऊन त्यांनी तोच घेतला. दुकानदारानं पिशवीत भरताना एवढंच म्हटलं, "आठ दिवसांत परत आणलात तर घेईन सर. डबा जपून ठेवा."

डबा बहिणीनं टाकून दिला. त्याआधी तिनं लॅपटॉप देवापुढे ठेवला, माहूरच्या देवीचं नाव घेऊन झाकणावर हळदीकुंकू वाहिलं. कुंकू झाकणाच्या कडेनं आत गेलं, ते तिनं पदरानं पुसलं.

संध्याकाळी साडेसहाला लाईट गेली. भाचीनं सरावाला एका जिन्याचा आराखडा उघडला होता. लॅपटॉपचा पंखा वाजत होता, समोरच्या घरातल्या बाईनं खिडकीतून विचारलं, "कुकर लावलाय का ओ?" पन्नास मिनिटांनी पडदा काळा झाला. लाईट आणखी वीस मिनिटांनी आली.

"पंचेचाळीस वॅट," भाची म्हणाली.

"ताकद जास्त तर खाणार जास्त," दाजी म्हणाले. "पैलवान काय पोह्यावर राहतोय का?"

सोमवारी तो नापास झाला, ते वर सांगितलं आहे.

लाल चौकट दुसऱ्यांदा आल्यावर दाजींनी भाचीकडून कोरा कागद मागितला. एखादा दुसरा माणूस दुकानात गेला असता. दाजींनी अर्ज लिहिला. विषय: लॅपटॉपच्या प्रोसेसरचे पुनर्मूल्यांकन करणेबाबत. मजकुरात लिहिलं होतं की सदर यंत्रास एकूण ८३.६ गुण असून ते तीन उमेदवारांत प्रथम आहे, तरी ते अनुत्तीर्ण ठरवताना कोणत्या विषयात किती गुण देण्यात आले याची छायांकित प्रत मिळावी. सोबत गुणपत्रिकेचा फोटो जोडला. फोटोत माझी सही स्पष्ट दिसत होती. अर्ज भाचीच्याच मेलवरून पाठवायला लावला, कारण निवडीचं पत्र त्या मेलवर आलं होतं.

"पप्पा, माझ्या नावानं नका पाठवू."

"उमेदवाराच्या पालकानं अर्ज केला की दखल घ्यावी लागती."

"तिथं पालक नसतेत."

"पालक कुठं नसतेत?"

भाचीनं पाठवला. त्यानंतर ती आत गेली आणि जेवायला बाहेर आली नाही. बहीण ताट घेऊन गेली. दारातून तिचं बोलणं ऐकू आलं. "अगं, सर करायलेत ना काहीतरी. तू फक्त शुक्रवारपर्यंत धीर धर." भाची म्हणाली, "आई, शुक्रवारी तर संपतंय."

मंगळवारी उत्तर आलं नाही. मी दुकानात चल म्हटल्यावर दाजींनी मला थांबवलं. पुनर्मूल्यांकन चालू असताना दुसरा उमेदवार उभा केला तर पहिल्याची बाजू कमजोर होते, असं त्यांचं म्हणणं. ते बोलताना भाचीनं माझ्याकडे पाहिलं. मी दुकानात गेले नाही. याला कारण देता येईल असं काही घडलेलं नव्हतं.

बुधवारी दुपारी बाराच्या सुमारास उत्तर आलं. ते सभ्य होतं आणि चार ओळींचं होतं. मान्य यादी पिढीनुसार असून गुणांवर आधारित नाही. पुनर्मूल्यांकनाची तरतूद नाही. मुदत शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंतच आहे. शेवटची ओळ अशी: आपण जोडलेल्या कागदाच्या मागच्या बाजूचा छापील मजकूर फोटोत उमटलेला दिसतो, त्यातील तिसरा मुद्दा कृपया वाचावा.

दाजींनी ही ओळ मोठ्यानं वाचली नाही. ती मी नंतर वाचली.

"असल्या कंपनीत पोरगी पाठवायची न्हाई," ते म्हणाले. "ज्यांना मार्क कळत न्हाईत, ते पगार काय देणार." मग भाचीला: "सोमवारपासून काउंटर. सकाळी साडेसातला उघडतंय."

बहीण म्हणाली, "सर, लॅपटॉप परत करायचा का? तो दुकानवाला म्हणला होता." दाजी म्हणाले, टॉपर परत करत नसतात. तीन वाजताच्या बसनं दोघं लातूरला गेली. जाताना लॅपटॉप बरोबर नेला.

गुरुवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी मी आणि भाची वजिराबादमध्ये शटरसमोर उभ्या होतो. बाराव्या पिढीचा पाच सोमवारीच विकला गेला होता. उमरीहून आलेल्या एका शिक्षिकेनं नेला, दुकानदारानं सांगितलं. "तिनं काही विचारलंच न्हाई. म्हणली, नवीन कोणता? म्हणलं, हा. म्हणली, द्या." तिसरा तिथेच होता. अकराव्या पिढीचा तीन. ५७.१.

"पास होईल का?" मी विचारलं.

"पास होईल मॅडम. आठच्या पुढं हाय. पण दोनच कोअर हायेत. मोठं काम फिरवताना दम खाईल." त्यानं मागची पाटी उघडून रॅमची आणखी एक पट्टी बसवली. भाची शेजारी उभी राहून बघत होती. तिनं त्याला स्क्रू धरून दिले.

गुरुवारचा उरलेला दिवस आराखड्याचा प्रोग्राम चढवण्यात गेला. शुक्रवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी तपासणी लावली. अकरा वाजून बावीस मिनिटांनी हिरवी चौकट आली. चौकटीत इंग्रजीत एकच शब्द होता. भाचीनं खुर्ची मागे सरकवली, उठली, स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्याली आणि परत येऊन बसली.

नमुना आराखडा दुमजली शाळेचा होता. यंत्र दुकानदार म्हणाला तसंच वागलं. इमारत वळवायला सांगितली की पडदा थिजायचा, मग एका धक्क्यात भिंत समोर यायची. भाचीनं एक पद्धत काढली. वरचा मजला लपवायचा, खालचा करायचा. खालचा लपवायचा, वरचा करायचा. जिना वेगळा. शनिवारी दुपारी दोनदा लाईट गेली, बॅटरी पुरली. रविवारी दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी तिनं काम पाठवलं. रात्री बाराला मुदत संपायची होती, आठ तास वीस मिनिटं उरली होती.

सोमवारी सकाळी साडेसातला लातूरहून फोन आला नाही. आठला बहिणीचा आला. "सर विचारायलेत, पोरगी निघाली का?" मी सांगितलं, निघाली नाही. आराखडा गेला, तेही सांगितलं. "कशावर केला?" मी म्हटलं, तिसऱ्या नंबरच्या लॅपटॉपवर. बहीण हळू आवाजात म्हणाली, "सरांना कोणता ते सांगत न्हाई."

बुधवारी दुपारी नियुक्तीपत्र आलं. भाचीनं ते आधी मला वाचायला दिलं, चुका तपासायला. चूक नव्हती. सही करायची जागा फक्त तिची होती.

दाजींनी गुरुवारी क्लासच्या ग्रुपवर लिहिलं की सरांच्या मार्गदर्शनाखाली घडलेल्या विद्यार्थिनीची नामांकित कंपनीत निवड. त्याखाली दोनशेच्या आसपास हात जोडलेली चित्रं आली. त्यात एक दुकानदाराचं असावं, अशी मला शंका होती. तपासली तेव्हा ती खोटी निघाली.

दिवाळीच्या सुट्टीत मी लातूरला गेले. क्लासच्या दारावर नवा फ्लेक्स होता. पाच ओळींत फोटो, प्रत्येकाखाली गुण. शेवटच्या ओळीत उजवीकडे भाचीचा फोटो होता. तिच्या फोटोखालची जागा कोरी होती. आत फळ्याशेजारी एक कागद काचेच्या चौकटीत लावलेला होता: सात रकाने, तीन ओळी, लाल गोल, खाली 'तपासले' आणि माझी सही. चौकशीच्या काउंटरवर रेणापूरहून आणलेली दाजींची पुतणी बसली होती. तिच्यापुढे सातव्या पिढीचा सात होता. ती त्यावर प्रवेशाचे फॉर्म भरत होती. झाकणाच्या कडेला कुंकू होतं. वायर भिंतीवरच्या बोर्डात लावलेली होती.